मैदान खाली

उभ्या जन्मात चेंडूला एकदाही लाथ न मारता ज्याने फुटबॉलवर राज्य केलं, असा माणूस साऱ्या माळव्यात एकच झाला आणि तो आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा इंदूरच्या आमच्या मिलच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते. होते म्हणजे मला कळायला लागलं तेव्हा होते, मला मिशी फुटली तेव्हा होते आणि ती मिशी पांढरी व्हायला लागली तरी होतेच. मिलमध्ये ते टाइम ऑफिसात हजेरीबाबू. कोणता कामगार किती वाजता फाटकातून आत आला, याच्यावर डोळा ठेवणं हे त्यांचं काम. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि बारा महिने हातात छत्री. "छत्रीबागेत राहतो, मग छत्री नको?" असं ते विचारत आणि समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत पुढे निघून जात. एकदा सरावाच्या वेळी चेंडू घरंगळत येऊन त्यांच्या बुटाला लागला. पोरं ओरडली, "मारो बाबूजी, मारो!" आतोबांनी छत्री काखेत मारली, वाकले, चेंडूला हात लावला आणि तो हात कपाळाला लावून नमस्कार केला. म्हणाले, "ज्याच्या नावाने खुर्ची मिळाली त्याला मी लाथ मारू? ते तुमचं काम. तुम्ही लहान आहात, तुम्हाला पाप लागत नाही."

ती खुर्ची त्यांना कशी मिळाली, याची कथा मिलच्या फाटकापासून सराफ्यापर्यंत सगळ्यांना पाठ होती. क्लबची वार्षिक सभा होती. कामगारांच्या बाजूचा अध्यक्ष साहेबलोकांना चालत नव्हता आणि साहेबलोकांच्या बाजूचा कामगारांना. मधली मोठी खुर्ची तशीच राहिली होती आणि दोन्ही बाजू तिच्याकडे पाहत दात-ओठ खात होत्या. आतोबा त्या सभेला निव्वळ कचोरीसाठी गेलेले. उशिरा पोचले, बसायला जागा नाही. कुणीतरी चेष्टेने म्हणालं, "बाबूजी, वो कुर्सी खाली है." आतोबांनी खुर्ची खालपासून वरपर्यंत निरखली आणि म्हणाले, "असू दे खाली. मला उंचावर बसायची हौस नाही." आणि बसले. दोन्ही बाजूंना वाटलं, वा, काय नम्र माणूस आहे! टाळ्या पडल्या. कचोरी खाऊन होईपर्यंत आतोबा अध्यक्ष झाले होते.

आता कुणी म्हणेल, हा माणूस इंदुरात जन्मला, इंदुरात वाढला, भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून अस्सल हिंदीत भांडला, आणि त्याला 'खाली' म्हणजे रिकामी हे कळत नव्हतं? इथेच तर आतोबांची गंमत आहे. त्यांचं एक तत्त्व होतं. शब्द मराठीत असेल तर तो कुठल्याही तोंडातून येवो, अर्थ मराठीच घ्यायचा. "पाहुणा आपल्या घरात आला की आपल्या घरची रीत पाळतो, मग शब्दाने का पाळू नये?" हे तत्त्व ते सदासर्वदा पाळत असं मात्र नाही. सोयीचं असेल तेव्हाच पाळत. एका बक्षीस समारंभात पाहुणे मोठ्या प्रेमाने म्हणाले, "हार-जीत छोड़िए, आपके लड़कों ने बहुत चेष्टा की." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आतोबा ताडकन उभे राहिले. "आमच्या पोरांनी कुणाचीही चेष्टा केलेली नाही. पंचांचीसुद्धा नाही, वास्तविक करायला हवी होती." पाहुण्यांना घाम फुटला आणि त्या घाईत त्यांनी हरलेल्या संघालाही एक कप देऊन टाकला. आत्या म्हणायची, "यांना सगळी हिंदी समजते. शेजारी कुणी हळूच 'चाय' म्हटलं की हे आधी चप्पल शोधतात."

फुटबॉलचे नियम त्यांना ठाऊक होते, पण मान्य नव्हते. ऑफसाइडवर तर त्यांचा विशेष राग. "आधी पोचला यात त्या पोराचा गुन्हा काय? आमच्याकडे वेळेआधी येणाऱ्याला शाबासकी देतात, हे शिट्टी मारतात!" डावपेचांच्या बाबतीत त्यांचा उपदेश एकच होता आणि तो त्यांनी कधी बदलला नाही. "पोरांनो, बॉल त्यांच्याकडे कमी आणि आपल्याकडे जास्त असू द्या." मध्यंतरात ते संघाभोवती फिरत आणि खेळ सोडून बाकी सगळं बोलत. याच्या आईचा खोकला, त्याच्या बहिणीचं जमलेलं लग्न, गोलकीपर कैलासच्या घरचं गळणारं छप्पर. पोरं लिंबू चोखत ऐकत आणि दुसऱ्या अर्ध्यात बरी खेळत, याचं कारण आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

पण सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा पुढेच आहे. सामना सुरू झाला की आतोबा मैदानाकडे पाठ करून उभे राहत. छत्री टेकून, तोंड प्रेक्षकांकडे. म्हणे एकदा त्यांनी वळून पाहिलं आणि आपल्यावर गोल झाला, तेव्हापासून शपथ. मी लहानपणी विचारलं होतं, "आतोबा, मग तुम्हाला गोल दिसतो कसा?" ते म्हणाले, "गोल जाळ्यात होतो असं तुला वाटतं? अरे, गोल माणसांच्या तोंडावर होतो. जाळ्यात जातो तो नुसता चेंडू." मला ते तेव्हा थोतांड वाटलं. पाचवीतल्या पोराला दुसरं काय वाटणार!

मग ते दिवस आले. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. एकीकडे गावात परदेशी मालाच्या चकचकीत पाट्या लागत होत्या, विजय नगरकडे शेतांच्या जागी प्लॉट पडत होते आणि दुसरीकडे एकेका मिलचा भोंगा गप्प होत होता. आमच्या मिलच्या फाटकालाही कुलूप लागलं. ज्या माणसांच्या हाताखालून मैलोगणती कापड गेलं, ती माणसं सकाळी उठून कुठे जायचं ते न कळून फाटकापाशीच येऊन उभी राहत. कैलास टेम्पो चालवू लागला. आमचा सेंटर फॉरवर्ड रफीक, ज्याच्या पायात वीज होती, तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. आतोबांची नोकरी तर सगळ्यात विचित्र तऱ्हेने गेली. ज्यांची हजेरी घ्यायची ती माणसंच उरली नाहीत.

मी तेव्हा बँकेत लागलो होतो, त्यामुळे सगळ्यांना सल्ला देण्याचा परवाना मिळाला होता. म्हटलं, "आतोबा, आता क्लबही आवरा. मिलच नाही, तर मिलचा क्लब कसला?" आतोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उशिरा पोचलेला कामगार असावा. "आई गेली म्हणून पोरं आडनाव बदलतात का रे?" आणि छत्री घेऊन सरावाला गेले. मिल बंद झाली त्या वर्षीही कामगारांनी वर्गणी काढून अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे देखाव्याचा रथ, रस्त्यावरून मिरवली होती, मग फुटबॉल का थांबावा! मिलच्या मागच्या भिंतीला लागून ते मैदान होतं. संध्याकाळी टेम्पो, हातगाड्या, सायकली कडेला लावून सगळे तिथे जमत. खेळणारे बाराचौदा आणि बघणारे शेकडो. त्यांना दिवसातून एकदा एकमेकांची तोंडं दिसायला आता तेवढीच जागा राहिली होती. मैदान गेलं असतं तर ती माणसं शहरभर पांगली असती, हे आतोबांना माझ्या आधी कळलं होतं.

आणि मैदान जाणारच होतं. गणपती उठले आणि बंद मिलच्या जमिनीवर देखरेखीला नेमलेले एक साहेब टेप घेऊन आले. तिथे टीव्ही-फ्रिजची गोदामं व्हायची होती, घेणारेही ठरले होते. साहेबांनी सगळ्यांच्या देखत आतोबांना बोलावलं.

"बाबूजी, दिवाली तक ये मैदान खाली हो जाना चाहिए."

रफीकने चेंडू पायाखाली दाबून धरला. आतोबांनी जमिनीकडे पाहिलं. मग त्यांनी मान वर केली.

"कितना खाली?"

"कितना मतलब? पूरा खाली."

"पूरा तो मुश्किल है साहब, धरती का मामला है. फिर भी कुछ अंदाज दीजिए."

साहेबांना ऊन लागत होतं. "देखिए, मुझे बहस नहीं करनी. जितना ज्यादा खाली हो सके, उतना अच्छा."

"बहुत अच्छा." आतोबा लोकांकडे वळले. "ऐकलंत ना सगळ्यांनी? साहेबांचा हुकूम आहे, मैदान खाली करायचं. जितकं जास्त खाली, तितकं चांगलं."

साहेब समाधानाने जीपमध्ये बसून गेले. कैलास रडवेला होऊन म्हणाला, "मतलब छोड़ना पड़ेगा ना, बाबूजी?"

"सोडायचं कोण म्हणालं? उद्या सकाळी येताना फावडं घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाता जाता सायकल तिकडे वळवली, आतोबांना समजावून घरी न्यावं म्हणून. पाहतो तर मैदानात पाच-पन्नास माणसं फावडी, कुदळी, घमेली घेऊन उभी होती आणि फाटकाकडून आणखी येतच होती. मिलचा रखवालदारसुद्धा घमेलं घेऊन आला होता. पावसाने काळी माती मऊ होती. पण खणायला अजून कुणी सुरुवात केली नव्हती. आतोबा रांगेसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि हजेरी घ्यायला लागले. हातात काही नाही. सगळी नावं तोंडपाठ, खात्यासकट. ताणा खातं, बाणा खातं, रंग खातं. "हाजिर, बाबूजी!" "हाजिर!" मिल बंद झाल्यापासून ज्यांना त्यांच्या पुऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, ती थोराड माणसं छाती पुढे काढून ओरडत होती. एकाचा आवाज फुटेना, तर शेजाऱ्याने त्याच्या वतीने हाजिर म्हटलं. आतोबांनी शेजाऱ्याला दरडावलं, "ज्याची हजेरी त्यानेच द्यायची. नियम आहे." मग तो पहिला माणूस रडत रडत "हाजिर" म्हणाला. मी समजूत काढायला गेलो होतो, ते विसरून सायकल भिंतीला लावली आणि बँकेला त्या दिवशी उशीर केला. मला कुणी खणू दिलं नाही, पण मी घमेली उचलून दिली. आयुष्यात त्या घमेल्यांइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

तीन पाळ्यांत काम चाललं. बायका पोहे आणि शेव घेऊन येत. माती काढायची आणि मैदानाच्या चारी बाजूंना उतरती रचून पायांनी तुडवून घट्ट करायची, ही योजना कुणाची हे विचारलं तर प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव सांगे. दिवाळीला मैदान कमरेइतकं खाली गेलं होतं. वर बांध, बांधाला पायऱ्या, आणि मध्ये पाटासारखी सपाट जमीन. लालबाग राजवाड्याच्या हिरवळीनेसुद्धा हेवा करावा! इंदुरातल्या कुठल्याही क्लबकडे तेव्हा अशी बसायची जागा नव्हती.

दिवाळीनंतर साहेब आले. जीपमधून उतरले आणि तसेच उभे राहिले.

"ये क्या किया?"

"खाली केलं, साहेब. आपण म्हणाला होतात त्याप्रमाणे. अजून करायचं तर सांगा, पण आता मुरूम लागलाय. वेळ जाईल."

"अरे, खाली का मतलब खाली होता है!"

"वही तो!" आतोबा आनंदाने म्हणाले.

साहेबांनी साक्षीदार म्हणून इकडेतिकडे पाहिलं. शेकडो माणसांनी माना डोलावल्या. हो, साहेब असंच म्हणाले होते, जितकं जास्त खाली तितकं चांगलं. साहेब लाल झाले, पांढरे झाले, आणि पुढच्या आठवड्यात गोदामवाल्यांना घेऊन आले. नेमका त्याच सुमारास मावठा पडून गेला होता. मैदानाचं तळं झालं होतं आणि त्यात चार बगळे एका पायावर उभे होते. गोदामवाल्या शेटजींनी तळं पाहिलं, बगळे पाहिले, साहेबांना पाहिलं. "इसमें फ्रिज रखूँ कि मछली पालूँ?" असं विचारून ते गाडीत बसले आणि थेट विजय नगरकडे जागा बघायला गेले, ते परत आले नाहीत. साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी फायलीत विचारणा पाहिली, मैदान खाली झालं की नाही? आतोबांनी उत्तर दिलं, झालं आहे. त्यावर पुढे काही झालं नाही. कागदोपत्री ते मैदान अजूनही खालीच आहे. ज्याला जो अर्थ घ्यायचा त्याने तो घ्यावा.

पाणी जिरलं, जमीन घट्ट झाली आणि त्या हिवाळ्यात तिथे पहिला सामना झाला. समोर नव्या वस्तीतला, नव्या पैशाचा क्लब. त्यांचे बूट एकसारखे, मोजे एकसारखे, बहुधा भांगसुद्धा एकसारखे. आमच्याकडे कैलासच्या अंगाला डिझेलचा वास आणि रफीकच्या दंडावर कुठल्याशा मिठाईच्या दुकानाचा पिवळा रंग. बांधावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आतोबा नेहमीप्रमाणे पाठ फिरवून उभे. मी पहिल्या पायरीवर, बरोबर त्यांच्यासमोर. म्हणजे त्यांच्या खांद्यावरून मला मैदान दिसत होतं आणि मैदानाच्या अलीकडे ते.

कैलासने त्या दिवशी काय काय अडवलं! टेम्पो चालवताना त्याने कधी कुणाला इतकं अडवलं नसेल. शेवटची काही मिनिटं उरली तरी दोन्ही बाजू कोऱ्या. आणि मग रफीकला उजवीकडे चेंडू मिळाला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. मी उठून उभा राहिलो आणि नेमकं त्या क्षणी माझं लक्ष आतोबांच्या तोंडाकडे गेलं. ते बांधावरच्या माणसांकडे बघत होते. एकाकडून दुसऱ्याकडे, खालून वर, फाटकात उभं राहून बघावं तसे. मी मागे वळलो. बंद फाटकासमोर महिनोन्महिने राखेसारखी दिसलेली ती तोंडं, ताणा खातं, बाणा खातं, रंग खातं, सगळी एकदम पेटली. आरोळी नंतर आली. गोल झाला होता आणि तो मी आतोबांच्या पद्धतीने पाहिला होता. आतोबांनी "झाला का?" असं विचारलंसुद्धा नाही. त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले आणि टोपी परत घातली.

शिट्टी वाजताच लोक खाली उतरले आणि आतोबांना खांद्यावर घेतलं. छत्री एकीकडे, टोपी दुसरीकडे. आतोबांना उंचाची भीती. ते वरून ओरडू लागले, "अरे, खाली करा मला! खाली करा!"

रफीक खालून गरजला, "सुना? बाबूजी का हुकुम है! खाली करो!"

आणि त्या हलकट लोकांनी आतोबांना खाली न उतरवता त्यांचे खिसे खाली केले! बडीशेपेची डबी निघाली, शेवेची पुडी निघाली, शेंगदाणे, चष्म्याचं घर, दोन रुमाल, कधीही न वाजवलेली एक शिट्टी. शेव आणि शेंगदाणे तिथल्या तिथे वाटले गेले. "अरे, मराठीतलं खाली रे!" आतोबा केविलवाणे ओरडत होते. "कितना खाली, बाबूजी?" कैलासने विचारलं. आणि चारी बांधांवरून एका सुरात उत्तर आलं, "पूरा खाली!" आतोबा इतके हसले की त्यांचे दात सांभाळायला दुसरा माणूस लावावा लागला.

मी पुढे त्यांना कितीदा तरी विचारलं, "आतोबा, खरं सांगा, साहेब काय म्हणतायत ते तुम्हाला कळलं होतं ना?" ते दर वेळी गंभीर होऊन म्हणत, "तू शिकलेला आहेस. तूच सांग, खाली म्हणजे काय?" आणि आत्या आतून म्हणे, "नादी लागू नकोस त्यांच्या. चाय म्हणून बघ."

आता आत्याही नाही आणि आतोबाही नाहीत. मिलची भिंत पडली, चिमणी तेवढी उभी आहे. मी विजय नगरात सातव्या मजल्यावर राहतो, बराच वर. पण रविवारी सामना असला की सिटी बस पकडून तिकडे जातो. बांधावर आता गवत आहे. क्लबची ती मोठी खुर्ची अजूनही सामन्याच्या दिवशी बांधावर आणून ठेवतात, मैदानाकडे पाठ करून. शेजारी कैलास बसतो. त्याचा टेम्पो केव्हाच मोडीत निघाला, आणि गुडघेही निघाले असं तो म्हणतो.

मागच्या रविवारी एक नवखे गृहस्थ गर्दीतून वाट काढत आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि अदबीने विचारलं, "क्यों अंकल, ये कुर्सी खाली है क्या?"

कैलासने मला कोपराने ढोसलं. उत्तर मलाच द्यावं लागलं.

"नाही हो," मी म्हटलं, "चांगली उंच आहे."

ते गृहस्थ गोंधळून पायरीवर टेकले. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरची सगळी तोंडं एकदम उजळली. गोल कुणी मारला, ते मी पाहिलं नाही.